वाचकांचे प्रश्न : कॉपीलेफ्टची अट कोणासाठी असते?

मुक्त सॉफ्टवेअर आणि मुक्त ज्ञान यांविषयी या सदरात मागे आलेल्या टिपणानंतर बडोद्यातील वाचकांची बरीच पत्रे आली. काहींनी मूलभूत शंका विचारल्या आहेत, तर काहींच्या हाती प्रत्यक्ष काम असून ते करताना त्यांचे अडले आहे. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : एखाद्याला आपले लेखन किंवा सॉफ्टवेअर सर्वांना मोकळेपणी वापरू द्यायचे असेल, तर त्याने कायद्याने मिळालेला हक्क सोडून दिला की काम झाले. मग कॉपीलेफ्ट नावाचा हा अटींचा परवाना कशाला? दान द्यायचे आणि वर अटी घालायच्या, हे मला विसंगत वाटते. (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हक्क सोडून देण्याची सोय भारतीय कायद्यातही आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २१ नुसार लेखकाला जाहीर सूचना देऊन आपला हक्क सोडता येतो. मात्र हक्क सोडल्यावर ती कृती जशी सर्वांच्या हाती येते, तशीच ती कोणा एकाच्या कुलपातही जाऊ शकते. एखाद्या कंपनीने ती उचलली, तिच्यात सुधारणा केल्या आणि सुधारित आवृत्ती स्वतःच्या हक्काखाली बंद करून विकली, तर मूळ लेखकाला काहीही म्हणता येत नाही. मूळ आवृत्ती मोकळीच राहते हे खरे. परंतु सॉफ्टवेअरच्या बाबतीत जुनी आवृत्ती थोड्याच वर्षांत कालबाह्य होते आणि लोकांना नाइलाजाने बंद आवृत्तीकडेच वळावे लागते.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्या सुमारास त्यांना याचा प्रत्यक्ष अनुभव आला. जेम्स गॉस्लिंग यांनी लिहिलेला ईमॅक्स हा मजकूर संपादनाचा प्रोग्राम त्या काळी अनेकांच्या हाती फिरत होता आणि इतरांनी त्यात विनामोबदला भरही घातली होती. पुढे तो युनिप्रेस नावाच्या कंपनीला विकला गेला आणि त्या कंपनीने स्टॉलमन यांना तो कोड वाटण्यास मनाई केली. स्टॉलमन यांच्या स्वतःच्या जीएनयू ईमॅक्समध्ये त्यातला जो भाग घेतला होता, तो त्यांना नव्याने लिहून काढावा लागला. सद्भावनेने दिलेली गोष्ट मोकळी राहील याची हमी केवळ सद्भावनेतून मिळत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. १९८५मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली आणि १९८९मध्ये जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सची, म्हणजे जीपीएलची, पहिली आवृत्ती आली.

कॉपीलेफ्टच्या या परवान्यात लेखक आपला कॉपीराइट सोडत नाही. तो राखून ठेवतो आणि त्याच्याच बळावर प्रत्येकाला चार गोष्टींची मोकळीक देतो. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवावे, ते कसे चालते हे अभ्यासून त्यात बदल करावेत, त्याच्या प्रती वाटाव्यात आणि बदललेल्या प्रतीही वाटाव्यात. अट एवढीच की जो वाटेल त्याने, आपल्याला मिळालेली हीच मोकळीक, सोर्स कोडसह, म्हणजे माणसाला वाचून बदलता येईल अशा मूळ प्रोग्रामसह, पुढच्या माणसाला दिली पाहिजे. ही अट मोडली की परवानगी संपते आणि परवानगी संपल्यावर केलेले वाटप हा साधा कॉपीराइटचा भंग ठरतो. कॉपीराइट कायदा नसता तर कॉपीलेफ्टलाही बळ नसते.

आपण जिला दानावरची अट म्हणता, ती ज्याच्यासाठी घातलेली असते तो माणूस दात्याला बहुधा कधी भेटतही नाही. कृती तिसऱ्या-चौथ्या हातातून ज्याच्यापर्यंत पोचेल, त्या अनोळखी घेणाऱ्याचा हक्क मधल्या कोणी कापू नये, एवढ्यासाठी ती आहे. एमआयटी किंवा बीएसडी यांसारखे ही अट न घालणारे मुक्त परवानेही आहेत आणि एखादी प्रमाणपद्धती सर्वत्र, अगदी बंद उत्पादनांतसुद्धा, रुजावी असा हेतू असेल तेथे ते योग्यही ठरतात. पण अनेकांनी मिळून उभारायच्या कामासाठी मला कॉपीलेफ्ट अधिक न्याय्य वाटतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. येथील मराठी घरांतील मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी लिहिता-वाचता यावे म्हणून मी अभ्यासपत्रिका तयार केल्या आहेत. त्या सर्वांना फुकट द्याव्यात अशी इच्छा आहे. परंतु कोणी शिकवणीवाल्याने त्या छापून विकल्या तर काय करावे, असे घरची मंडळी विचारतात. ‘विक्रीस मनाई’ एवढे लिहिले तर पुरे होईल का? (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेल्या चार पत्रिका मी लक्षपूर्वक पाहिल्या. ‘मी जमून आलो’ असे म्हणणाऱ्या मुलाला ‘जेवणे’ आणि ‘जमणे’ यांतील फरक कळावा म्हणून आपण केलेला सराव पाहून हे काम बडोद्यातच होऊ शकते असे वाटले, कारण गुजरातीतले ‘जमवुं’, म्हणजे जेवणे, मराठीत कसे घुसते हे येथे रोज कानांवर पडते. इंदूरच्या एखाद्या शिक्षिकेला हीच पत्रिका हवी असेल, तर तिला उदाहरणे बदलावी लागतील. तिच्या मुलांचा घोळ हिंदीमुळे होतो आणि ती ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतात. तिने बदल करावेत, आणि तिने केलेले नवे सराव पुन्हा आपल्यालाही वापरता यावेत, असे आपल्याला वाटत असेल तर कॉपीलेफ्ट आपल्यासाठीच आहे.

लेखन, चित्रे, ध्वनिमुद्रणे यांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ‘बाय-एसए’ हा कॉपीलेफ्ट परवाना आहे. मूळ लेखकाचे नाव द्यावे, बदल केले असल्यास तसे सांगावे आणि बदललेली आवृत्ती याच परवान्याखाली द्यावी, एवढ्या त्याच्या अटी आहेत. विक्रीला तो मनाई करत नाही. ‘बाय-एनसी-एसए’ या दुसऱ्या परवान्यात व्यापारी उपयोगाला मनाई आहे आणि आपल्या घरच्यांच्या मनात तोच असावा.

मी मात्र आपल्याला ‘बाय-एसए’ सुचवीन. शिकवणीवाल्याने आपल्या पत्रिका छापून विकल्या, तरी त्याला आपले नाव आणि परवान्याची ओळ छापावीच लागेल. ती ओळ वाचून विकत घेणाऱ्या पालकाला कळेल की याची झेरॉक्स काढून शेजारच्या मुलाला देणे पूर्णपणे कायदेशीर आहे. जी वस्तू कोणीही छापू शकतो तिची किंमत कागद, छपाई आणि पोचवण्याची मेहनत यांच्यापलीकडे फार काळ चढत नाही, आणि तेवढे पैसे कोणी घेतले तर त्यात आपले काय गेले? उलट व्यापारी उपयोगाला मनाई केली, की जे आपल्याला हवे आहेत तेच लोक अडतात. फी घेणारी शाळा, जाहिराती छापणारा दिवाळी अंक, नाममात्र मूल्य घेऊन पुस्तिका काढणारे मंडळ, यांपैकी व्यापारी कोण आणि कोण नाही, हे ठरवणे कठीण असते आणि सभ्य माणूस शंका आली की वापरच टाळतो. विकिपीडियासुद्धा असे साहित्य स्वीकारत नाही. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या पहिल्या परवान्यात वाटपासाठी पैसे घेण्यास मनाई होती. १९९२मध्ये ती काढून त्यांनी जीपीएल स्वीकारला. त्यामुळे फ्लॉपीवर प्रती करून देणाऱ्या छोट्या विक्रेत्यांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सर्वांना त्यात भाग घेणे शक्य झाले आणि तरीही तो कोणा एकाचा झाला नाही.

‘विक्रीस मनाई’ किंवा ‘कोणीही वापरावे’ अशी स्वतःची ओळ लिहिण्यात एक अडचण आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. आपल्या कायद्याचे कलम ३०अ हे कलम १९मधील तरतुदी परवान्यांनाही लागू करते. त्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आपण सद्भावनेने लिहिलेल्या एका ओळीचा अर्थ असा आकसू शकतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात जगभर, आणि हक्क अस्तित्वात असेपर्यंत, असे स्पष्ट लिहिलेले आहे; म्हणून तयार परवाना वापरणेच शहाणपणाचे.

शेवटच्या पानावर पुढील मजकूर पुरेल : ‘या अभ्यासपत्रिका (आपले नाव) यांनी तयार केल्या असून त्या क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली उपलब्ध आहेत.’ त्याखाली परवान्याचा इंटरनेटवरील पत्ता द्यावा. त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. आपण पाठवलेल्यांपैकी एका पत्रिकेत छापील पाठ्यपुस्तकातले चित्र दिसते. ते आपले नसल्यामुळे ते देण्याचा हक्कही आपल्याला नाही. ते काढावे किंवा नातवंडांपैकी कोणाकडून नवे काढून घ्यावे. तसेच नोकरीत असताना शाळेच्या कामासाठी बनवलेल्या पत्रिका असतील, तर कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, त्यांचा पहिला हक्क शाळेकडे जातो. त्या वेगळ्या काढून शाळेची लेखी संमती घ्यावी.

एक आग्रह मात्र करतो. जीपीएल सोर्स कोड देण्यास भाग पाडतो, क्रिएटिव्ह कॉमन्स तसे करत नाही. नुसती पीडीएफ दिली तरी त्याची अट पूर्ण होते. आपल्या पत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, तर ‘जेवणे’च्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. इंदूरच्या शिक्षिकेला बदल करण्याचा हक्क मिळेल, पण बदल करता येणार नाहीत. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आणून संपादन करता येईल अशी फाइलही सोबत द्यावी. आणि एकदा परवाना दिला की तो मागे घेता येत नाही, याचा विचार करून मगच सही करावी. कॉपीराइट आपल्याकडेच राहणार असल्यामुळे एखाद्या प्रकाशकाला उद्या वेगळ्या अटींवर परवानगी देण्याची वाट मात्र बंद होत नाही.

प्रश्न : आमच्या छोट्या वाचनालयाची पुस्तकसूची संगणकावर घेण्यासाठी आम्ही एका व्यावसायिकाला काम दिले. त्याने ‘कोहा’ नावाची प्रणाली बसवली आणि पैसे घेतले. आता आम्हाला दुसऱ्याकडे जायचे आहे, तर तो म्हणतो की सॉफ्टवेअर त्याचे असल्यामुळे काहीही देता येणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे त्याने पैसे तरी कसे घेतले? (कार्यकारिणीचे एक सदस्य, दांडिया बाजार)

उत्तर : पैसे घेण्यात गैर काही नाही. मुक्त असणे आणि फुकट असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बसवणे, शिकवणे, दुरुस्ती करणे ही मेहनत आहे आणि तिचे मोल घ्यावेच. परंतु ‘सॉफ्टवेअर माझे’ हा त्याचा दावा चूक आहे. कोहा मूळचे न्यूझीलंडचे. तेथील होरोव्हेनुआ भागातील सार्वजनिक ग्रंथालयांसाठी काटिपो या संस्थेने ते लिहिले, २००० सालच्या जानेवारीत ते तेथे सुरू झाले आणि ग्रंथालयाने ते जीपीएलखाली जगाला दिले. आज ते जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. एका गावाच्या ग्रंथालयाने आपल्या गरजेसाठी पैसे खर्चून करून घेतलेली वस्तू दांडिया बाजारातल्या वाचनालयापर्यंत पोचली, ती या परवान्यामुळे.

आता आपला हक्क किती, हे प्रणाली कोठे बसवली आहे यावर ठरेल. ती वाचनालयातल्याच संगणकावर असेल, तर त्याने आपल्याला प्रत दिली असे होते आणि त्याने केलेल्या बदलांसह सोर्स कोड मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ती त्याच्या सर्व्हरवर असून आपण केवळ इंटरनेटवरून वापरत असाल, तर प्रत आपल्या हाती आलेलीच नाही, म्हणून जीपीएल त्याला कोड देण्यास भाग पाडत नाही. ही पळवाट बुजवण्यासाठीच २००७च्या नोव्हेंबरमध्ये एजीपीएल या जीपीएलसारख्याच परवान्याची तिसरी आवृत्ती आणली गेली. तिच्यात नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स कोड द्यावा लागतो. कोहाला मात्र ती लागू नाही.

सुदैवाने आपली खरी गरज कोडची नाहीच. कोहा कोणालाही मोकळेपणी मिळते. आपल्याला हवी आहे ती आपल्या पुस्तकांची सूची आणि सभासदांच्या नोंदी. त्या नोंदी आपल्या आहेत आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याशी त्यांचा काही संबंध नाही. कोहामधून सूची मार्क या प्रमाणित स्वरूपात बाहेर काढण्याची सोय तयारच असते आणि जाणत्या माणसाला ते काम अवघड नाही. व्यावसायिकाला लेखी पत्र देऊन मार्क स्वरूपातील सूची आणि संपूर्ण डेटाबेसची प्रत मागावी. पुढच्या करारात मात्र हे कलम सुरुवातीलाच घालावे. परवाना मुक्त आहे म्हणून करार सैल ठेवण्याची चूक अनेक संस्था करतात.

ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या, तेथील वाचनालयाची सूची एका माणसाच्या मर्जीवर अडावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. मार्क स्वरूपातील सूची हाती आली की ती कशी तपासायची हे समजून घेण्यासाठी आपण मला पुन्हा जरूर लिहावे.

प्रश्न : मकरपुऱ्यातील आमच्या कंपनीत एका मुक्त ईआरपी (हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणाऱ्या) प्रणालीत बदल करून आम्ही ती वापरतो. आता एका ग्राहकाला ती देण्याचा विचार आहे. जीपीएलमुळे आमचे सारे बदल जगजाहीर करावे लागतील, अशी भीती वाटते. (एक अभियंता)

उत्तर : ही भीती बरीचशी ऐकीव आहे. कंपनीच्या आत केलेले बदल कोणालाही दाखवावे लागत नाहीत. जीपीएलची अट प्रत बाहेर देताना लागू होते. आणि प्रत दिल्यावरही सोर्स कोड देणे लागते ते ज्याला प्रत दिली त्याला. कोडसोबत प्रत दिली की प्रश्न मिटला. एखाद्या यंत्रात घालून नुसते चालणारे रूप दिले, तर किमान तीन वर्षे कोड देण्याची लेखी तयारी सोबत द्यावी लागते. ग्राहकाने तो कोड पुढे कोणाला दिला, तर त्याला आपण अडवू शकत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. आपल्या ग्राहकाचे हिशेब, दर, गुपिते हे सारे डेटा आहे. त्याला परवाना शिवत नाही.

अट पाळली नाही तर काय होते याचे चांगले उदाहरण लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचे आहे. २००३मध्ये त्याच्या आतले सॉफ्टवेअर लिनक्सवर आधारलेले असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले, कोडची मागणी झाली आणि कंपनीने तो प्रसिद्ध केला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला. आणि त्या राउटरची लोकप्रियता घटण्याऐवजी वाढली, कारण लोकांना त्यात हवे ते बदल करता येऊ लागले. आपल्याकडचा ईआरपीनेक्स्टही जीपीएलखालीच आहे आणि त्याच्या आधारावर सेवा देऊन अनेक छोट्या कंपन्या आपला व्यवसाय करतात. रेड हॅट ही कंपनी मुक्त सॉफ्टवेअरची सेवाच विकत होती; ती आयबीएमने २०१९मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. तेव्हा कोड मोकळा ठेवला तर धंदा बुडतो, असे म्हणायला आधार नाही.

प्रश्न : मराठी विकिपीडियावर मी बडोद्याच्या इतिहासासंबंधी लिहिलेला मजकूर एका संस्थेच्या स्मरणिकेत जसाच्या तसा छापला गेला, खाली दुसऱ्याच व्यक्तीचे नाव! मी विकिपीडियाला तो देऊन टाकला असल्यामुळे आता माझा त्यावर हक्क नाही, असे संस्थेचे म्हणणे आहे. हे परवाने परदेशी असल्यामुळे ते आपल्याकडे चालतच नाहीत, असेही सांगण्यात आले. (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. विकिपीडियावर लिहिणारा आपला कॉपीराइट देऊन टाकत नाही. तो परवाना देतो. २००९पासून हा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए आहे, आणि २०२३पासून त्याची ४.० ही आवृत्ती लागू आहे. स्मरणिकेला तो मजकूर छापण्यासाठी आपल्याला विचारण्याची गरज नव्हती आणि स्मरणिका विकायलाही हरकत नव्हती. परंतु ‘मराठी विकिपीडियावरील अमुक लेखातून, तेथील लेखकांकडून’ असा उल्लेख आणि परवान्याची ओळ देणे भाग होते. त्या दोन ओळी गाळून त्यांच्या जागी दुसऱ्याचे नाव घातल्यावर त्यांची परवानगी संपली. शिवाय आपल्या कायद्याचे कलम ५७ लेखकाला आपल्या लेखनाचे कर्तेपण सांगण्याचा हक्क स्वतंत्रपणे देते.

परवाना परदेशी असल्याचा मुद्दाही टिकत नाही. परवाना म्हणजे हक्क असणाऱ्याने दिलेली लेखी परवानगी, आणि तशी परवानगी देण्याची सोय कलम ३०मध्ये आहे. बाहेरच्या न्यायालयांनी अशा अटी गंभीरपणे घेतल्या आहेत. २००४मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल मोडणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला, आणि २००८मध्ये अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने, जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात, मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो असे ठरवले. समजा कोणी म्हणालेच की परवाना चालत नाही, तर मग छापण्याची परवानगीही उरत नाही. हा युक्तिवाद करणाऱ्याला तो स्वतःलाच भोवतो.

एवढे असले तरी लगेच वकिलाकडे जाऊ नये, असे मला वाटते. ४.० या आवृत्तीत, चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली तर परवानगी आपोआप परत मिळते. संस्थेच्या चिटणीसांना नम्र पत्र लिहून पुढच्या अंकात दुरुस्ती छापण्याची आणि उरलेल्या प्रतींत चिठ्ठी चिकटवण्याची विनंती करावी. बहुतेक वेळा स्मरणिकेचे काम घाईत झालेले असते आणि परवाना काय असतो हे कोणाला ठाऊकच नसते. एक गोष्ट मात्र सांगावी लागेल : ऐतिहासिक तपशील कोणाच्याही मालकीचे नसतात. उद्या कोणी तेच सन आणि तीच माहिती स्वतःच्या शब्दांत लिहिली, तर तक्रारीला जागा नाही.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकवते. जुन्या बंदिशी गाऊन त्यांचे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांसाठी मुक्त परवान्याखाली ठेवावे असा विचार आहे. बंदिशींवर कोणाचा हक्क असतो? (एक वाचक)

उत्तर : १८८६मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा ज्या गावात सुरू झाली आणि १९१६मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद जेथे भरली, तेथून हा प्रश्न यावा याचा आनंद आहे. परंपरेने आलेल्या, शतकांपूर्वीच्या बंदिशी सर्वांच्या आहेत. अशा बंदिशी जमवून स्वरलेखनासह छापणारे विष्णू नारायण भातखंडे यांचे निधन १९३६मध्ये झाले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहत असल्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली त्यांची स्वरलेखने १ जानेवारी १९९७पासून मुक्त आहेत. हयात किंवा अलीकडच्या रचनाकारांच्या बंदिशी मात्र परवानगीशिवाय घेऊ नयेत.

ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा त्याहून वेगळा. त्यामुळे तबल्यावर आणि पेटीवर साथ करणाऱ्यांची लेखी संमती आधी घ्यावी. साथीदारांना कोणी विचारत नाही ही आपल्याकडची जुनी खोड आहे. परवाना ‘बाय-एसए’ ठेवला तर आपल्या तानांवर आधारलेले कोणाचे नवे शैक्षणिक ध्वनिमुद्रणही विद्यार्थ्यांसाठी मोकळे राहील. घराण्यांनी जपलेल्या चिजा मिळवण्यासाठी भातखंड्यांना किती दारे वाजवावी लागली, हे आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्न : माझी छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिकांसाठी इंटरनेटवरून घेतलेले देवनागरी फाँट वापरतो. ते मुक्त असतील तर माझ्या पत्रिकाही मुक्त होतात का? (एक व्यावसायिक, दांडिया बाजार)

उत्तर : होत नाहीत. मुक्ता, बालू, लोहित देवनागरी, नोटो हे फाँट एसआयएल ओपन फाँट लायसन्स, म्हणजे ओएफएल, या परवान्याखाली आहेत आणि त्यात छापलेल्या मजकुराला परवाना लागू होत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पत्रिका विका, फलक रंगवा, पुस्तके काढा. नुसता फाँट वेगळा काढून विकण्यास तेवढी मनाई आहे. इंटरनेटवर ‘फ्री’ म्हणून दिसणारा प्रत्येक फाँट ओएफएलखाली असतो असे समजू नये. फाइलसोबतची परवान्याची प्रत वाचून मगच घ्यावा.

बऱ्याच फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, ही आपली तक्रार योग्य आहे. काही फाँटमध्ये मराठी वळणाची अक्षरे आतच ठेवलेली असतात आणि भाषा मराठी निवडली की ती उमटतात. आधी ते पाहावे. नसतील तर आपल्या कारागिराने ती काढून घ्यावीत, ओएफएल त्याला पूर्ण मुभा देतो. तो बदललेला फाँट आपल्याच प्रेसमध्ये वापरला तर कोणाला काही द्यावे लागत नाही. शेजारच्या प्रेसला दिला, तर तो ओएफएलखालीच द्यावा, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर त्याला दुसरे नाव द्यावे.